दाजींच्या होडीच्या नळ्या

पेट्रोलचा वास वर जातो असं ज्याला वाटतं, त्यानं होडीच्या इंजिनाला हात लावू नये. हे मी आजवर शंभर जणांना घसा फोडून सांगितलंय. वास खाली बसतो, बाबांनो, खाली! जमिनीवर नळी गळली तर माती पिऊन टाकते, वारा उडवून नेतो, आपण चार शिव्या घालून चिंधी गुंडाळतो आणि गाडी चालू. होडीला बूड असतं. गळलेलं सगळं त्या बुडात साठतं, नि वरून झाकण घातलं की कुणाला पत्ता लागत नाही.

हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं. लग्नाआधी तीन वर्षं मी कोकणात एका बंदरावर लाँचच्या इंजिनांची कामं करत होतो. उस्तादांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती आणि मानेपासून कानापर्यंत कातडी आवळलेली. कसं झालं ते त्यांनी एकदाच सांगितलं. लाँच चालू करण्याआधी झाकण उघडून बुडाचा वास घ्यायचा असतो, तो त्या दिवशी घेतला नव्हता. लाँचवर चौघं होते, काठावर एकटे तेच आले. पुढं अहमदपूरला परत येऊन मी एसटी स्टँडच्या मागं पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं. आमच्या मुलखात होडी कुठली, म्हणून ती विद्या तशीच पडून राहिली.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या जागा भरणार अशी जिकडंतिकडं चर्चा. आणि पाऊस म्हणाल तर त्याच वर्षी दडी मारून बसला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं ते साल. विहिरींचे तळ दिसायला लागले. पंप चालवायला पाणीच नाही तर बिघडणार कुठून? मी दुकानात माशा मारत बसायचो.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो, लोह्याच्या बाजूला, पण आमच्याच जिल्ह्याच्या हद्दीत, एका तलावाकाठच्या गावात दिली होती. दाजी त्या तलावावर सरकारी मोटारहोडी चालवायचे. बारा वर्षं, आणि बाराही वर्षं रोजंदारीवर. लांबून बघितलं तर अगदी सरकारी नोकर, पण उद्या येऊ नको म्हटलं की घरी बसायचं. त्यांच्यावरच्या इंजिनिअरनं त्या वर्षी त्यांना सांगितलं होतं, "मोठे साहेब तलावात किती पाणी उरलंय ते स्वतः होडीत बसून बघणार हायेत. होडी नीट चालली की तुझं नाव कायमच्या यादीत घालतो." अक्कानं त्यासाठी सोमवार धरले होते. पोरींची लग्नं, म्हातारपण, सगळं त्या एका यादीवर अडकलं होतं.

मंगळवारी सकाळीच दाजी दुकानात आले. चेहरा उतरलेला, पण थट्टा सुटली नव्हती. "पाव्हणं, पंप सोडा आता. समुद्रातली विद्या काढा बाहेर. होडी चालू केली की डोकं धरून राहतं. लई वास मारतो."

"वास येत असताना चालू केली?"

"दोनदाच."

मग मी बोललो. थोरला माणूस, बहिणीचा नवरा, काही बघितलं नाही. "अक्कल गहाण ठेवली का, दाजी? अक्काचं कुंकू पुसायची हौस आली का तुम्हाला?" दाजी हसत हसत ऐकून घेत होते. त्यांचं ते हसणं मला अजून दिसतं. म्हणाले, "तुमच्या तोंडाला कोण लागणार? चला, एसटी सुटंल."

तलाव बघून मी हबकलो. पाणी मधोमध गोळा झालं होतं, हिरवंगार, दाट. कडेनं अर्धा कोस तडकलेला गाळ. बुडालेल्या जुन्या रस्त्याचा मैलाचा दगड वर आला होता, त्यावर शेवाळ वाळून पापुद्रे सुटलेले. मेलेल्या माशांचा वास. पाणी मागं हटलं तशी होडी चार महिने कोरड्यावरच उन्हात पडून होती, आणि साहेब येणार म्हणून आठ दिवसांपूर्वी वीस माणसं लावून तिला पाण्यापर्यंत ओढत नेलं होतं. चार महिन्यांच्या उन्हानं आतल्या रबरी नळ्यांचं जे व्हायचं ते झालं होतं. बोटानं वाकवली की नळीला बारीक चिरा पडायच्या आणि चिरेतून ओल यायची.

मी उस्तादांच्या पद्धतीनं कामाला लागलो. आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडल्या. टाकीतलं पेट्रोल डब्यात काढलं नि डबे दूर बाभळीखाली नेऊन ठेवले. झाकण, फळ्या सगळं उघडं टाकलं. बूड चिंध्यांनी पुसलं, चिंध्यासुद्धा लांब नेऊन टाकल्या. बिडीवाल्यांना चाळीस पावलांवर हाकललं. दाजींना तर मी दिवसभर फैलावर घेतलं होतं. पाना असा धरा, लोखंडावर लोखंड आपटू नका, इथं उभं राहू नका. गावातल्या एकानं फवारणी पंपाची नळी आणून दिली, म्हणाला हीच बसवा, सारखीच असते. मी ती त्याच्या अंगावर भिरकावली. "सारखी असती तर तुझ्या घरी चहा हिच्यातून पी!" पेट्रोलला चालणारी जाड कापडी नळी मी दुसऱ्या दिवशी नांदेडहून आणली. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या नळ्या नव्या, प्रत्येक टोकाला एकाच्या जागी दोन-दोन पट्ट्या आवळून.

एक नळी राहिली.

होडीच्या काठावर पेट्रोल ओतायचं पितळी तोंड असतं. तिथून टाकीपर्यंत मनगटाएवढी जाड नळी जाते. तीही तडकली होती. त्या मापाची नळी नांदेडच्या बाजारात मिळाली नाही. दुकानदार म्हणाला, हैदराबादेहून मागवतो, आठवडा लागेल. साहेब उद्या सकाळी येणार. मी त्या नळीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळली आणि वरून तार आवळली. पेट्रोल सायकलची ट्यूब खातं हे मला ठाऊक होतं. पण टाकी निम्मीच भरली तर त्या नळीत पेट्रोल उभं राहत नाही, नुसतं वाहून जातं. एक दिवस निभावेल म्हटलं.

आता दाजींना एवढंच सांगायचं होतं, की टाकी गळ्यापर्यंत भरू नका, ही नळी अजून बदलायचीय. पण दोन दिवस ज्या माणसाला मी येता-जाता शहाणपण शिकवलं, त्याला हे कोणत्या तोंडानं सांगू? दाजी हात पुसत म्हणाले, "झालं ना पाव्हणं सगळं?"

मी म्हणालो, "झालं. हात लावायची गरज न्हाई आता."

तेव्हा टाकीत तांब्याभरच पेट्रोल घालून आम्ही इंजिन चालवून बघितलं. प्रत्येक सांध्याखाली कागद धरला. कोरडा ठाक. दाजींनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

सकाळी लवकर काठावर मंडप उभा राहिला. गाव लोटलं होतं. मी सरकारी माणूस नव्हतो. बाहेरच्याकडून काम करून घेतलं हे वर कळू नये म्हणून दाजींनी मला लोकांत उभं केलं होतं. साहेब, सोबत तो इंजिनिअर. दोघं फळीवरून होडीत चढले, पुढच्या बाकावर बसले. टाकी कधी भरली हे मी बघितलंसुद्धा नव्हतं. नंतर कळलं, मोठा माणूस बसणार, मधेच पेट्रोल संपायला नको म्हणून दाजींनी पहाटेच ती तोंडोतोंड भरली होती, आणि होडी स्वच्छ दिसावी म्हणून सगळी झाकणं नीट लावून ठेवली होती.

मग अक्का आली. नवं लुगडं, हातात ताट. ताटात हळदकुंकू, नारळ आणि पेटता कापूर.

यात तिचं काय चुकलं? आमच्याकडं दुरुस्त झालेलं यंत्र पूजेशिवाय कुणी सुरू करत नाही. माझ्या दुकानातून एकही इंजिन नारळ-कापराशिवाय बाहेर पडलं नाही, मीच ओवाळायचो. बिडी नको हे मी शंभरदा ओरडून सांगितलं होतं. कापूर नको हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं, इतरांच्या कसं असेल? देवाचा दिवा आणि बिडी एक कोण धरतो?

दाजींनी इंजिनावरचं झाकण उचललं. यंत्राला कुंकू लावायचं होतं. वारा होडीकडून आमच्याकडं होता. पहिल्यांदा मेलेल्या माशांचा वास आला, आणि त्यामागून दुसरा.

मी कसा पळालो ते मला आठवत नाही. माणसं ढकलली, फळीवर चढलो. अक्का फळीच्या टोकावरून इंजिनाकडं वाकली होती, ताट झाकणाच्या उंचीला आलं होतं. मी खालून लाथ मारावी तसा हात मारला. ताट उडून पाण्यात पडलं, कापूर चुर्र करून विझला. अक्का तोल जाऊन फळीवरून खाली चिखलात बसली. भरल्या गावात, साहेबासमोर, भावानं सवाष्णीच्या हातातलं पूजेचं ताट उडवलं!

"पेट्रोल हाय खाली! उतरा! आधी उतरा!"

सगळे उतरल्यावर इंजिनिअरनं काठीला रुमाल बांधून बुडात घातला. रुमाल पेट्रोलनं निथळत वर आला. साहेबांनी तो रुमाल हातात घेऊन नाकाशी धरला. मग शांतपणे विचारलं, "या नळ्या कुणी बसवल्या?"

तोंड उघडायला मला पाच-सहा श्वासांचा वेळ होता. एवढ्या वेळात माणूस आपलं नाव सांगू शकतो. दाजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग ते पुढं झाले आणि म्हणाले, "म्या बसवल्या, साहेब."

मी तरी गप्प.

पुढं काय झालं ते सांगायलाही लाज वाटते, पण सांगतो. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, हा माणूस नसता तर आज आपली राख गोळा करावी लागली असती. त्यांच्यासाठी आणलेला झेंडूचा हार त्यांनी माझ्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी तो हार घालून घेतला. दाजी होडीशेजारी गुडघाभर पाण्यात उभे होते, आणि टाळ्या त्यांनीही वाजवल्या.

होडी त्याच दिवशी मोडीत निघाली. दाजींना उद्यापासून येऊ नको सांगितलं. नव्या जिल्ह्याची यादी लागली, तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. पुढं ते औशाच्या बाजारात हमाली करू लागले, पन्नाशी उलटलेला माणूस पाठीवर पोती घेऊन. बूड उपसायला त्या दिवशी तेच उतरले होते. सायकलच्या ट्यूबची ती पट्टी, पेट्रोलनं फुगून लिबलिबीत झालेली, त्यांच्या हाताला लागलीच असणार. माझ्यादेखत त्यांनी तिचा विषय कधी काढला नाही. घरात नि गावात मात्र त्यांनी सांगून ठेवलं होतं, पाव्हण्यानं सगळं नीट केलं होतं, ती एक जाड नळी मागनं म्या बसवली. दिवाळीला गेलो की "या पाव्हणं" म्हणून तोच धपाटा पाठीत. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगतो. जेवण व्हायचं, पान व्हायचं, मी परतीची एसटी धरायचो.

दाजी गेले त्याच्या दहाव्याला सगळे पाव्हणे जमले होते. कुणीतरी तलावाची गोष्ट काढली. अक्कानं डोळ्याला पदर लावला, माझ्याकडं बोट केलं आणि सगळ्यांना म्हणाली, "माझा हा भाऊ होता म्हणून त्या दिवशी आम्ही वाचलो. ह्यांचं काय सांगावं, माणूस लाखाचा, पण कामात हात कच्चा. त्या हातापायी आमच्या जन्माचं वाटोळं झालं. मी उभ्या जन्मात ते त्यांना माफ केलं न्हाई, आणि तोंडावर म्हणूनसुद्धा दाखवलं. खरं का न्हाई रे?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली, "खरं हाय, अक्का."