मागच्या खोलीपर्यंत

मागच्या खोलीत सासरे पलंगावर टेकून बसले होते. केस विंचरलेले, डोक्यावर धुतलेली टोपी, हातात मोबाइल. स्क्रीनवर ते गोल चक्र नुसतंच फिरत होतं. संध्याकाळी माझी नणंद त्यांना व्हिडिओ कॉल करते, त्यासाठी ही तयारी.

गेल्या रविवारी माझ्या नवऱ्याने राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वायफायचा जुना, संथ बँड बंद केला आणि वेगवान तेवढा चालू ठेवला. हॉलमध्ये आमचे मोबाइल पळायला लागले. "बघ, कसं सुसाट चालतंय!" तो म्हणाला. वेगवान लहरी भिंतींपाशीच दमतात, हे नंतर कळलं. संथ लहर मात्र भिंतींतून वाट काढत शेवटच्या खोलीपर्यंत जायची. घराचा वेग नेहमी हॉलमध्येच मोजतात, सोफ्यावर बसून. मागे कोण राहिलं, ते मोजायला कुणी उठत नाही.

आठवडाभर कॉल लागला नव्हता. नणंदेला वाटलं, अण्णा झोपले असतील.

"अण्णा, इथे नेटच येत नाहीये. सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"मला वाटलं, कंटाळली असेल पोर," ते म्हणाले आणि त्यांनी टोपी काढून उशाशी ठेवली.