ताई मुलांना उचलून का घेत नसत

सुमतीताईंना मी पहिल्यांदा पाहिले ते लखनौच्या एका बालगृहाच्या अंगणात. सत्तरचे दशक संपत आले होते. समाजकार्याची पदवी घेऊन मी तिथे नुकतीच नोकरीला लागले होते आणि ताई तिथल्या अधीक्षिका होत्या. फाटक उघडताच मुले धावत आली आणि हात वर करून उभी राहिली. ताई त्यांच्यात सरळ जमिनीवर बसल्या, सगळ्यांची विचारपूस केली, एकाचे नाक पुसले. पण उचलून मात्र कुणालाच घेतले नाही. मला वाटले, बाई कामाला चोख असतील, पण मायेला जरा कोरड्याच.

आम्ही मूळचे नागपूरचे. वडील टपाल खात्यात, त्यांच्या बदलीमुळे लखनौच्या इंदिरा नगरात राहत होतो. ताईंचे यजमान रेल्वेत अभियंता, साताऱ्याकडचे. परमुलखात मराठी माणसांना ओळख व्हायला वेळ लागत नाही. पुढच्याच रविवारी ताई आमच्याकडे चहाला आल्या. मी धीर करून विचारलेच. त्या म्हणाल्या, "अगं, मी संध्याकाळी घरी जाते. उचललेल्या मुलाला मग खाली ठेवावं लागतं. त्यांना एकदा कुणीतरी खाली ठेवलेलंच आहे. उचलायचं ते परत न ठेवणाऱ्यानं."

आई चहा ओतता ओतता थांबली, हे मला अजून आठवते.

ताईंच्या प्रत्येक गोष्टीमागे असा काहीतरी विचार असे. मुलांच्या कपड्यांसाठी आम्ही रिक्षाने अमीनाबादला जात असू. दुकानदार अख्खा तागा पुढे करून म्हणे, "बहनजी, पूरा थान ले लीजिए, सस्ता पड़ेगा." ताईंचे उत्तर ठरलेले, "भैया, सस्ता नहीं, अलग-अलग चाहिए." सगळी मुले एकाच छापाच्या कापडात त्यांना बघवत नसत. मग फुलाफुलांचे, चौकडीचे, ठिपक्यांचे असे तुकडे निवडण्यात अख्खी दुपार जाई. पाय दुखायचे आमचे. ताई मात्र शेवटच्या तुकड्यापर्यंत ताज्यातवान्या.

त्या काळी अनाथ मूल म्हणजे बालगृह, असेच सरकारी समीकरण होते. दत्तक जाईपर्यंत मुलाला एखाद्या घरात सांभाळायला द्यावे, असे ताईंनी बैठकीत मांडले की साहेब मंडळी चहा मागवत. ताई हटल्या नाहीत. मराठी मंडळींचा गणेशोत्सव असो की आंबेडकर जयंती, त्या तिथे हजर, आणि कुणाच्या घरात एका मुलाला जागा होईल याची चौकशी सुरू. त्या लांबून दिसल्या की बायका पदर सावरण्याआधी सबबी सावरत. माझ्या आईच्या सबबी सगळ्यांत आधी संपल्या.

अशी मुन्नी आमच्याकडे आली. तीन वर्षांची, पण तोंडातून शब्द नाही. आईने तिला मऊ भात भरवला, कडेवर घेऊन कॉलनीभर फिरवले. हळूहळू पोर बोलू लागली. "मऊ भात दे", "मला घे" असे नागपुरी हेल काढून म्हणे आणि आम्ही सगळे हरखून जात असू. ती फक्त मराठीच बोलते आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आले नाही. ताईंच्याही नाही.

पुढे विकास नगरच्या सक्सेना दांपत्याला ती दत्तक द्यायचे ठरले. मुन्नी गेली, आणि आठवडा उलटायच्या आत ते तिला घेऊन दत्तक समितीपुढे उभे. सक्सेनाबाईंचे डोळे सुजलेले. "यह हमसे बोलती ही नहीं. जाने क्या माँगती है, फिर रोती है."

समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "बच्ची मंदबुद्धि लगती है. संस्था में वापस रखिए, इन्हें दूसरा बच्चा दे देंगे." लेखणीसुद्धा उघडली त्यांनी. मुन्नीचे घर त्या लेखणीच्या टोकावर आले होते. ताई आणि मी मागे भिंतीशी उभ्या होतो.

तेवढ्यात मुन्नीला ताई दिसल्या. धावत येऊन तिने दोन्ही हात वर केले. "मला घे. मला घे ना!"

ताईंचे हात पुढे आले. मी स्वतः पाहिले. आणि तसेच मागे गेले. त्या सक्सेनाबाईंकडे वळून म्हणाल्या, "यह कह रही है, मुझे गोद में उठाओ. उठाइए न, आप उठाइए."

सक्सेनाबाईंनी तिला उचलले. मुन्नी आधी रडली, हातपाय झाडले. मग दमून तिने त्यांच्या खांद्यावर मान टाकली. बाईंनी पाठ थोपटत, चाचरत विचारले, "घे? घे माने गोद?" मुन्नीने मान हलवली. लेखणी बंद झाली.

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "चूक आपली सगळ्यांची. आपण तिला घर दिलं, पण पुढच्या घराचा रस्ता नाही दिला." मग मुन्नी काही दिवसांसाठी पुन्हा आमच्याकडे आली आणि सक्सेनाबाई रोज दुपारी तिच्यासाठी येऊ लागल्या. आईकडून त्यांनी मऊ भात शिकला आणि लागतील तेवढे मराठी शब्दही. ताईंनी आईला बजावले होते, "त्या तिच्याजवळ असताना मुन्नीनं हाक मारली तरी तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही." आई ओट्याशी उभी राहून डोळे पुसायची, पण बाहेर आली नाही. मुन्नी दुसऱ्यांदा गेली ती हसत, नव्या आईचा पदर धरून. पुढे आधी ओळख आणि मग ताबा, ही पद्धत ताईंनी समितीकडून मान्य करून घेतली. आज ती सर्वांना साधी वाटते, याचेच मला फार अप्रूप वाटते.

गेल्या महिन्यात ताईंच्या या गौरवग्रंथाच्या निमित्ताने मुन्नी त्यांना भेटायला आली. मराठी पार विसरली आहे. बरोबर तिची लहानगी लेक. सवयीप्रमाणे ताई जमिनीवर बसल्या. लेकीने समोर उभे राहून हात वर केले, आणि इतक्या वर्षांत प्रथमच ताईंनी एका मुलाला पटकन उचलून मांडीवर घेतले. मी बघतच राहिले. ताई हसून म्हणाल्या, "हिला खाली ठेवलं तरी चालतं गं. हिची आई इथंच आहे."

ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांनी घरी पोहोचवलेल्या मुलांना आता मुले झाली आहेत, आणि त्यातली पुष्कळ अजून ताईंच्या मांडीवर बसायची राहिली आहेत.