निळा अंगठा

परवा बागेत मजुरांनी झाडांच्या बुंध्यांना लावायच्या पेस्टसाठी मोरचूद आणि चुना कालवायला घेतला, आणि बादलीतला तो निळा रंग पाहून मला बाबांचा पाय आठवला. सात-आठ वर्षं झाली असतील. वरूडच्या आमच्या बागेत संत्र्याचा काटा त्यांच्या पायाच्या अंगठ्यात मोडला, आणि शुगरमुळे ती जखम महिना झाला तरी भरेना. अमरावतीच्या डॉक्टरांनी त्यांच्याच हातातून रक्त काढलं, यंत्रात गरगर फिरवलं, वर आलेला पिवळसर थर घट्ट झाल्यावर जखमेवर ठेवला आणि पाच दिवस पट्टी सोडू नका म्हणून बजावलं. आपलंच रक्त आपल्याला कसं बरं करणार, हे बाबांना पटेना. मी म्हटलं, "झाडाच्या बुंध्याला पेस्ट लावता ना बाबा, तसंच समजा." हे मात्र त्यांना लगेच पटलं. चौथ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन ओसरीवर गेले आणि कप हातातून सुटलाच. पट्टी बाजूला पडली होती, अंगठा निळाशार झाला होता आणि बाबांच्या हातात बागेतला ब्रश होता. शुगरने बधिर झालेल्या त्या पायाला आग झाल्याचंही कळलं नव्हतं. "बाबा, हे काय केलं?" मी किंचाळले. ते शांतपणे म्हणाले, "काहून ओरडून राहिली बाई? तूच तं म्हणाली, पेस्टसारखं असते म्हणून. झाडाले आमी दोनदा लावतो, एकदा लावून भागत नाई." मोरचुदाने जखम आणखी चिघळली आणि पंधरा दिवसांत अंगठा कापावा लागला. बाबांनी मला कधी बोल लावला नाही. पण तेव्हापासून त्यांना काहीही समजावताना मी झाडाचं नाव काढत नाही.