पाच सेंटीमीटर

हरेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका सफारीच्या बाह्या कापत होतो. फोन त्याच्याबरोबर काम करणाऱ्या फायरमनचा होता. म्हणाला, "मास्टर, हरेश सुटला सकाळी. दुपारी नेतोय." मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि राहिलेलं कापड कापलं. माणूस अशा वेळी असा का वागतो कोण जाणे. कात्री खाली ठेवल्यावर लक्षात आलं की मी दोन्ही बाह्या डाव्याच कापल्यात. त्याला आता सव्वा महिना होत आला. सफारीवाल्याला दुसरं कापड आणून दिलं. बाकी काही भरून देता येण्यासारखं नाही.

विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या माझ्या दुकानात हरेश पहिल्यांदा आला तो पॅन्टची उंची कमी करायला. कंत्राटी फायरमन होता. कुठल्या केंद्रावर ते लिहीत नाही, त्याला आवडलं नसतं. सासरचं गाऱ्हाणं माहेरी न सांगणाऱ्या सुनेसारखा होता तो, केंद्रातली गोष्ट बाहेर काढायचा नाही. कंत्राटी म्हणजे आग तीच, पाइप तोच, जिना तोच, फक्त दर सहा महिन्यांनी नोकरीचा कागद नवा. परमनंट भरतीची जाहिरात निघाली होती. माझ्या गळ्यातली टेप बघून म्हणाला, "मास्टर, जरा छाती मोजा ना. न फुगवता एक्याऐंशी पाहिजे, फुगवून शहाऐंशी. मधले पाच बघतात." आमचं सगळं इंचात चालतं. मी टेप उलटी करून सेंटीमीटरची बाजू वर घेतली. आधी ब्याऐंशी आलं आणि श्वास भरल्यावर एकोणनव्वद. पाच कुठले, सात. खाडीकाठच्या कोळ्याचा मुलगा तो, बापाचं जाळं खाली अडकलं की बुडी मारून सोडवून आणायचा. "श्वासाचं टेन्शन नाय आपल्याला," म्हणाला आणि हसला. तो श्वास सोडून हसेपर्यंत मी टेप धरून तसाच उभा होतो.

त्या भरतीत त्याचं नाव यादीत थोडक्यात खाली राहिलं. पुढची जाहिरात रद्द झाली. त्यानंतरची कोर्टात अडकली. अशी वर्षं गेली. मधल्या काळात त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि महिन्यातून एकदा सुट्टीच्या दिवशी दुकानात येऊन चहा घ्यायचा आणि हात वर करून उभं राहायचं हेही ठरून गेलं. शेजारचा मोबाइलवाला चिडवायचा, "काय रे, शेरवानी शिवतोस काय?" हरेश म्हणायचा, "परमनंटची शिवतोय." त्याच वर्षांत भंगाराच्या गोदामांच्या आगी झाल्या, प्लास्टिकच्या झाल्या. एकदा तर चार दिवस नुसतं धुमसत होतं. तोंडावरचे मास्क सगळ्यांना पुरायचे नाहीत आणि कंत्राटी माणूस मागायचा नाही, कारण मागणारा लक्षात राहतो. तो ओला रुमाल बांधून आत जायचा. दुकानात आला की कापडांना त्याच्या अंगाचा धुराचा वास लागायचा, म्हणून मी त्याला दाराजवळच्या स्टुलावर बसवायचो.

सातचे सहा झाले, सहाचे पाच. मग एका महिन्यात चार आले.

इथे मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाला शिंपी कधी खरा आकडा ऐकवत नाही. वहीत खरा लिहायचा आणि तोंडाने म्हणायचं, तेवढंच आहे साहेब. कपडा अंगाला बसतो, साहेब खूश होतात, कुणाचं काही बिघडत नाही. चाळीस वर्षांची ही सवय. हरेश हात वर करून उभा होता, मान वळवून विचारत होता, "किती?" आणि मी म्हणालो, "पाच." वहीत चार लिहिले. पुढे तो वाकून टेपकडे बघायला लागला तेव्हा श्वास भरल्यावरच्या मापाला मी टेपखाली बोट सरकवलं. एवढ्या वर्षांच्या हाताला हे काही कठीण नाही... लाज वाटते लिहायला, पण त्या वेळी वाटली नाही. आपण एका चांगल्या मुलाची उमेद टिकवतोय असंच वाटत होतं.

तो खोकायला लागला होता. सुगंधा, त्याची बायको, डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागलेली. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "एकदा कागदावर आलं ना, की फुप्फुसात काहीतरी आहे, मग भरती संपली. आणि मास्टरकडे पाच येतंय की. आजारी माणसाचं येईल का?" हे तो माझ्याच दुकानात बसून मलाच सांगायचा, आणि मी खाली मान घालून काजं करत बसायचो.

शेवटची जाहिरात निघाली तेव्हा वयाच्या अटीत तो जेमतेम बसत होता. यापुढे संधी नव्हती. मोजमाप ठाण्यात एका मैदानावर होतं. मी दुकान बंद ठेवून त्याच्याबरोबर गेलो. का गेलो? बहुतेक वेडी आशा, की तिथला माणूसही माझ्यासारखंच करेल. मी तारेच्या कुंपणाबाहेर उभा होतो. त्या माणसाने दोनदा मोजलं. हरेश काहीतरी बोलला, तेव्हा बिचाऱ्याने तिसऱ्यांदाही मोजलं. हरेश शर्ट हातात घेऊनच बाहेर आला. "तीन दिले," म्हणाला.

आम्ही चालत टेंभी नाक्यापर्यंत आलो. तिथे मांडवाचे बांबू उभे राहत होते. चहा सांगितला. तो माझ्यावर चिडेल, निदान बघेल तरी, असं मला वाटत होतं. तो ग्लासातला चहा फिरवत म्हणाला, "त्यांची टेप खराब असणार, मास्टर. तुमच्याकडे परवाच पाच आलेलं."

"असेल," मी म्हणालो.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तो पुढे डॉक्टरकडे गेला तो जिना चढवेनासा झाल्यावर. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी यायला हवं होतं. मी दुकानात येऊन वही उघडली आणि पहिल्यांदा 'पाच' म्हणालो त्या पानावरची तारीख बघितली. दोन वर्षं आणि थोडे दिवस झाले होते. नोकरीचा नवा कागद आला नाही. सात महिने तो खाटेवर होता, नाकाला नळी. मी जायचो तेव्हा टेप दुकानातच ठेवून जायचो.

तेरावा झाल्यावर सुगंधाला भेटायला गेलो. तिने चहा ठेवला आणि कपाटातून एक टेप काढून पुढे केली. "ही तुमचीच ना, भाऊ?" माझीच होती. टोकाची पितळी पट्टी निघाली म्हणून मी टाकून दिलेली. एक्याऐंशी आणि शहाऐंशीवर निळ्या पेनाच्या रेघा होत्या.

"दर रविवारी मला मोजायला लावायचे," ती म्हणाली. "माझ्याकडे चार यायचं, नंतर तीनच. मी म्हणायचे, अहो, कमी होतंय. तर म्हणायचे, तुला धरता येत नाय, मास्टरकडे पाच येतं. मग मी गप्प बसायचे." तिने चहा गाळून माझ्यापुढे ठेवला. "मी खरंच चुकीचं धरायचे का हो, भाऊ? नीट धरलं असतं तर भांडून नेलं असतं ना मी त्यांना..."

मी चहा संपवला. मनाला लावून घेऊ नकोस असं काहीतरी पुटपुटलो आणि टेप खिशात घालून निघालो.

ती टेप आता मशीनच्या वर खिळ्याला आहे. तिने मला मोजवत नाही आणि ती टाकवतही नाही. हल्ली मी प्रत्येकाचा आकडा मोठ्याने सांगतो, मग साहेब रागावले तरी चालतील. दोन गिऱ्हाइकं त्यावरून तुटली. हरेशच्या घरी पेपरची ही पुरवणी येते, त्यातलं शब्दकोडं तो पेनने सोडवायचा. त्याच्यामागे सुगंधाने ती बंद केली नसेल अशा भरवशावर लिहितोय, कारण समोर बसून सांगायचा धीर मला झाला नाही.

सुगंधा, तू टेप बरोबर धरत होतीस. तीनच होतं.