ताईचं रक्त दाट होतं

फोन आला तेव्हा मी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात फायली उरकत होतो. "आप जल्दी आ जाइए," वॉर्डातली नर्स म्हणाली. ताईला रक्त चढवण्याच्या कागदावर सकाळी मीच सही करून आलो होतो... दीड महिना झाला, तो कागद डोळ्यांपुढून हलत नाही.

सुधाताई, माझी थोरली बहीण, इथल्याच एका सरकारी इस्पितळाच्या लॅबमध्ये तीस वर्षं टेक्निशियन होती. निवृत्तीनंतर वर्षभरातच तिच्या नाकातून रक्त येऊ लागलं, डोकं जड राहू लागलं, मेट्रोतल्या पाट्या धूसर दिसू लागल्या. दिल्लीची हवा, असं आम्ही म्हणालो. वय, असं डॉक्टर म्हणाले. शेवटी करोल बागेत मैत्रिणीच्या लॅबमध्ये तिने स्वतःच रक्त तपासून घेतलं. प्रथिनं भलतीच वाढलेली. "विनू, मशीनमधून पुढे सरकत नाहीये यार. पाकासारखं झालंय," ती म्हणाली. शरीरातल्या बिघडलेल्या पेशी एकच अँटिबॉडी बेसुमार बनवत होत्या आणि रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, त्यामुळे घट्ट होत चालला होता.

खासगी इस्पितळातही निदान तेच निघालं. पण हिमोग्लोबिन फार उतरलं होतं, म्हणून डॉक्टरांनी आधी रक्त द्यायचं ठरवलं. ताई उठून बसली. "पहले प्लाज्मा निकालिए, डॉक्टर साहब. अभी खून चढ़ाया तो और गाढ़ा हो जाएगा."

डॉक्टर हसले. "मॅडम, आप तो रिटायर हो गई हैं ना? अब हम पर छोड़ दीजिए."

"विनू, तू तरी सांग ना त्यांना."

मी काय सांगितलं? "ताई, त्यांना त्यांचं काम करू दे. तू आता पेशंट आहेस." ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि मी ऑफिसला निघून गेलो... दुपारी ती बेशुद्ध झाली. मग प्लाझ्मा बदलायची धावपळ झाली, पण ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. आजारच तसा होता, असं डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं. असेलही. त्यांना असं म्हणता तरी येतं.

परवा तिची खोली आवरायला घेतली. कपाटात रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचपट्ट्यांचा एक लहान डबा होता. वरच्याच पट्टीवर तिच्या बारीक अक्षरात तिचं स्वतःचं नाव. खिडकीशी जाऊन मी ती उजेडात धरली. तिने त्या थेंबात सगळं वाचलं होतं. मला नुसता एक फिकट डाग दिसला.