आदराचा अनुस्वार

कचेरीत त्यांना अनुस्वारबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई. आपणही बाईच म्हणू, आणि आदरार्थी बहुवचनातच म्हणू. का, ते पुढे कळेलच.

हल्ली बाई संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लावतात आणि आवाज बंद करून टाकतात. पडद्यावर दोन पक्षांची दोन माणसं हातातले कागद फडकावत एकमेकांच्या अंगावर धावून जात असतात. कुठलीतरी सरकारी चौकशी, तिच्यावर एकाचं एक टिपण, दुसऱ्याचं दुसरं. बाईंना त्यांचं बोलणं ऐकायचं नसतं. त्या फक्त कागदाकडे बघतात आणि मनाशी म्हणतात, हे कुणी टाइप केलं असेल? समास बरा सोडलाय हो. मग उगाचच डोळ्यांत पाणी येतं, आणि चष्मा पुसायचं निमित्त होतं.

बाई नोकरीत होत्या तेव्हा विधानमंडळाच्या कचेरीतली समिती शाखा दुसऱ्या मजल्यावर होती. लांबलचक खोली, पाच टेबलं आणि एक पंखा. तो फक्त हेडक्लार्कच्या डोक्यावरची हवा हलवायचा. बाईंचं टेबल जिन्याच्या खिडकीशी. टाइपरायटरला वर एक कोरा कागद आणि खाली चार कार्बन, त्यातली शेवटची प्रत इतकी फिकट यायची की ती वाचायला श्रद्धा लागायची. समितीपुढे साक्षीदार बोलायला लागला की बाईंनी शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचं, संध्याकाळपर्यंत टाइप करायचं आणि खाली त्याची सही घ्यायची. अकरा वर्षांत एक अनुस्वार इकडचा तिकडे झाला नव्हता. दोन्ही पक्षांचे सदस्य मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा बाईंच्या नजरेखालून घालून मगच छापायला देत. दोन्ही पक्षांचं एकमत होईल अशी त्या इमारतीत तेवढीच एक गोष्ट होती.

त्या वर्षी नळांची चौकशी लागली. शहराच्या पाण्यासाठी लोखंडी नळ विकत घेतले होते. ते जमिनीत पुरायच्या आधीच गंजले, आणि खरेदीची फाईल गायब झाली. शेवटचा साक्षीदार होता पाणी खात्याचा शिपाई. कपाटांच्या किल्ल्या कमरेला लावून फिरायचा म्हणून त्याला सगळे किल्लीवाला म्हणत. अध्यक्षांनी विचारलं, "फाईल कुणी नेली?"

किल्लीवाला आधीच चिडलेला होता. सकाळपासून त्याला बाकावर बसवून ठेवलं होतं. "साहेबानं नेली," तो म्हणाला. "नेली ती परत आणली नाही."

"कोण साहेब?"

त्यानं तोंड उघडायच्या आत विरोधकांतला एक जण ताडकन उठला. "बघा! साहेबच!" समोरून आवाज आला, "खाली बसा!" मग कोण कुणाला काय म्हणतंय ते कळेना, आणि अध्यक्षांनी सभा तहकूब केली. शिपायाचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं, पण जेवणानंतरच्या वेळी कान जागेवर कुणाचे असतात? शिवाय कचेरीत ऐकलेलं खरं नसतं, लिहिलेलं खरं असतं.

लिहिलं बाईंनी. लहानपणी मोठ्या माणसाला एकेरी म्हटलं की आईचा पाठीत धपाटा बसायचा, तो धपाटा बोटांत मुरला होता. शिपाई रागानं काहीही बोलेल, पण सरकारी कागदावर साहेबाला एकेरी? हातानं परस्पर 'साहेबांनी फाईल नेली' असं टाइप केलं. बोलताना अनुस्वार शेवटच्या 'नं'वर होता, बाईंनी तो उचलून मधल्या 'बा'वर ठेवला. ठेवला हे त्यांना कळलंसुद्धा नाही. किल्लीवाला वाचताना त्या शब्दापाशी जरा थांबला, पण सरकारी कागद आपल्यापेक्षा शहाणा असणार असं समजून त्यानं सही ठोकली. मुलीच्या बाळंतपणासाठी गावाला जायचं होतं, गाडीची वेळ झाली होती.

त्या एका शब्दावर दोन टिपणं उभी राहिली.

विरोधकांचं टिपण सतरा पानांचं. त्यांचं म्हणणं, 'साहेबांनी' हे अनेकवचन आहे. म्हणजे एक साहेब नव्हे, वरपासून खालपर्यंत सगळे साहेब सामील आहेत, मंत्र्यांसकट. सत्ताधाऱ्यांचं टिपण एकोणीस पानांचं. त्यांचं म्हणणं, हे अनेकवचन नव्हेच, हे आदरार्थी बहुवचन. आणि हा शिपाई पाठीमागे सगळ्या अधिकाऱ्यांना एकेरी संबोधतो, आदर देतो तो एकट्या थोरल्या साहेबांना, हे खात्यात सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा फाईल नेली ती थोरल्या साहेबांनी.

थोरले साहेब म्हणजे दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले इंजिनिअर; त्यांच्या खुर्चीवर आता नवा साहेब बसत होता. शिपायालाही "अहो, बसा" म्हणून खुर्ची पुढे करणारा माणूस. ना पक्ष, ना गोतावळा. बळी द्यायला यापेक्षा सोयीचा माणूस सापडला नसता. शिपायाला परत बोलावून विचारावं असं मात्र दोघांतल्या कुणालाही वाटलं नाही. त्या एका वाक्यावर दोघांचंही भागत होतं.

दोन्ही टिपणं बाईंनीच टाइप केली, एकाच मशीनवर, एकाच आठवड्यात. सकाळी हे यायचे, दुपारी ते. आपापला कागद हातानं झाकून कानाशी कुजबुजायचे, "बाई, त्यांना दाखवू नका हं." आणि बाई घरी ब्र काढत नसत; आपल्याकडे कुठल्या चौकशीचं काम आहे, हेसुद्धा घरी ठाऊक नव्हतं.

घरी वेगळी समिती बसलेली असायची. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे आणि सत्ताधाऱ्यांच्या बाजूचे. धाकटे दीर शाळामास्तर, अविवाहित, आणि विरोधकांच्या बाजूचे. घरात वर्तमानपत्रं दोन यायची, ताटं मात्र एकाच खोलीत मांडली जायची. टिपणं छापून आली आणि जेवणाच्या वेळी व्याकरण सुरू झालं.

"दादा, तुझ्या लोकांना साधं वचन ओळखता येत नाही रे."

"आणि तू मास्तर ना? आदरार्थी बहुवचन शिकवत नाहीस वाटतं पोरांना?"

"आदर? तुमच्या पक्षात आदर द्यावा असा एक माणूस दाखव, मी मिशी उतरवतो."

"तुला मिशी आहे कुठे?"

"भाजी वाढू का," बाई विचारायच्या, "की भांडणानंच पोट भरलं?"

आधी गंमत होती. मग गंमत राहिली नाही. एके दिवशी दादा भावाला 'विकला गेलेला मास्तर' म्हणाले, आणि भाऊजींनी आपलं ताट उचलून बाहेरच्या खोलीत नेलं. त्यानंतर ते तिथेच जेवू लागले. मधल्या दारातून बाई दोन्हीकडे वाढायच्या. आपण टाइप केलेली वाक्यं आपल्याच घरात एकमेकांवर फेकली जाताना ऐकायच्या आणि पुढची पोळी वाढायच्या.

थोरले साहेब बाईंना वाचनालयातले ओळखीचे. दर शनिवारी बाई पुस्तक बदलायला जात तेव्हा ते कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठून उभे राहत. त्या शनिवारी खुर्ची रिकामी होती. आठ दिवस फिरकले नाहीत, असं ग्रंथपाल म्हणाले. बाई एक मासिक घेऊन त्यांच्या घरी गेल्या.

दार उघडंच होतं. खोलीभर ट्रंका उघडून पडल्या होत्या. जमिनीवर कागद, नकाशे, जुन्या पावत्या, बायकोची पत्रं. मधोमध थोरले साहेब मांडी घालून बसलेले.

"या, बसा. म्हणजे, जागा सापडली तर बसा."

"काय शोधताय एवढं?"

"फाईल."

"कुठली?"

"तीच हो. नळांची. मला आठवत नाही, पण माझ्याकडेच असणार."

"असं काय बोलता साहेब? लोक काहीही छापतात."

"लोकांचं सोडा. किल्लीवाले खोटं बोलायचे नाहीत. आणि ते 'साहेबांनी' म्हणतात ते मलाच, दुसऱ्या कुणाला नाही. ते म्हणाले असतील तर मीच नेली. वय झालं, बाई. विसर पडतो." मग त्यांनी हातातली पत्रं पुन्हा एकेक करून उलटायला सुरुवात केली.

सोमवारी कचेरीत सगळ्यांआधी पोचल्या त्या बाईच. खालच्या कप्प्यातून शॉर्टहँडची वही काढली. साक्षीदार नऊ. रेघ स्वच्छ होती, शेवटची खूणही स्वच्छ होती. साहेबानं. एकच साहेब, आणि तोही किल्लीवाल्याच्या मनातून उतरलेला. म्हणजे सतरा पानंही खोटी आणि एकोणीस पानंही खोटी. दोन्ही बाजूंनी डोकी फोडली ती बाईंच्या संस्कारांवर.

सचिवांनी वही बघितली आणि बाजूला सरकवली. "एका टिंबासाठी? दोन्ही टिपणं छापून झालीत. आणि बाई, बढतीच्या यादीत तुमचं नाव पहिलं आहे. कशाला पायावर धोंडा पाडून घेता?"

"टिंब माझं आहे," बाई म्हणाल्या. "शुद्धिपत्र काढायला हवं."

त्यांनी ते स्वतःच टाइप केलं, चार कार्बन लावून. 'साक्षीदार क्रमांक नऊ, पान चौदा, ओळ सहा: साहेबांनी याऐवजी साहेबाने असे वाचावे. चूक टंकलेखिकेची आहे.'

"शेवटचं वाक्य काढा. शुद्धिपत्रात चूक कुणाची ते लिहायची पद्धत नाही."

"मग आजपासून पडू द्या," असं म्हणून बाईंनी खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही वर्तमानपत्रांत बातमी होती. भाऊजी पेपर घेऊन रागारागानं आतल्या खोलीत आले, आणि कित्येक दिवसांनी दोघं भाऊ समोरासमोर बसले.

"ती टायपिस्ट फोडली तुमच्या लोकांनी!"

"आमच्या? आमचं टिपणही बुडालं की! तुमच्याच लोकांनी विकत घेतली तिला."

"कुणीतरी घेतलीच, एवढं नक्की."

"ते मात्र खरं."

बाईंनी वाढायचा डाव खाली ठेवला. "ती टायपिस्ट मी," त्या म्हणाल्या. "आणि मला विकत घेणारा अजून जन्माला यायचाय. भाजी हवी का कुणाला?"

भाऊजींनी पेपर खाली ठेवला. मग यजमान हळूच म्हणाले, "अगं, सांगायचंस तरी."

"कुणाला सांगणार? तुम्ही दोघं दोन टिपणं घेऊन बसला होतात."

भाऊजी उठले, बाहेर गेले आणि आपलं ताट आत घेऊन आले. "वाढा वहिनी," एवढंच म्हणाले. त्या दोघांची भांडणं पुढे तीस वर्षं चालली, पण एकाच खोलीत. आज त्या घरात एकच वर्तमानपत्र येतं, आणि बाईंना सगळ्यात जास्त आठवण येते ती त्या भांडणांची.

शुद्धिपत्रामुळे समितीला झक मारत शिपायाला परत बोलवावं लागलं. बाई शुद्धिपत्राची प्रत घेऊन थोरल्या साहेबांकडे गेल्या, तेव्हा किल्लीवाला गावाहून थेट तिथेच आला होता. साहेबांनी दिलेल्या खुर्चीवर अवघडून बसला होता. साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, परत घालून पुन्हा वाचला. "म्हणजे मी नेली नाही," ते म्हणाले. "विसरलो नाही मी." आणि त्यांचा चेहरा असा काही सैल झाला की बाईंना हुंदका आवरेना.

किल्लीवाला मात्र विरघळला नाही. "बाई, मी जन्मात एकाच माणसाला मान दिला. तेवढी एक गोष्ट माझ्या हातात होती. ती तुम्ही उचलून त्या नव्या साहेबाला देऊन टाकलीत."

"अहो, असू द्या," थोरले साहेब म्हणाले. "त्यांनी मान दिलाच ना? कुणाचा घेतला तर नाही?"

"घेतला की साहेब. तुमचाच घेतला."

बाईंनी खाली बसून कागद गोळा करायला घेतले. थोड्या वेळानं किल्लीवालाही खुर्चीवरून उतरला, आणि तिघांनी मिळून अंधार पडेपर्यंत ट्रंका भरल्या.

फाईल नव्या साहेबाच्या घरी सापडली. आम्ही पहिल्यापासून हेच म्हणत होतो, असं दोन्ही पक्षांनी सांगितलं. बाईंची बढती गेली. त्यांना तळमजल्यावर आवक-जावकला बसवलं, जिथे दिवसभर टपालावर तारखेचे शिक्के मारायचे आणि टाइपरायटरचा आवाजही ऐकू यायचा नाही. अनुस्वारबाई हे नावसुद्धा हळूहळू कुणी घेईनासं झालं.

एका दुपारी पाणी खात्याचं टपाल आलं. दाराबाहेर कुणीतरी किल्लीवाल्याला हटकलं, "काय रे, पोच दोन-दोन प्रतींत कशाला मागतोस?"

बाई आत बसल्या आहेत हे त्याला दिसत नव्हतं. "बाईंनी सांगितलंय," तो म्हणाला.

बाईनं नव्हे. बाईंनी. तो अनुस्वार बाईंनी अगदी नीट ऐकला. हातातला शिक्का तसाच कागदावर टेकला आणि तारीख उलटी उमटली. नोकरीतली ती त्यांची दुसरी चूक. तिचं शुद्धिपत्र त्यांनी काढलं नाही.