वेरा किमचं गाजर

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कोरियन कंपनीच्या कँटीनमध्ये वेरा किम गाजर चिरायला बसली, की अशा काड्या पडायच्या, सुईत ओवून घ्याव्यात. वर लसूण, तिखट, धने, व्हिनेगर आणि कडकडीत तेल. उझबेकिस्तानातून आलेली ही कोरियन वंशाची बाई हिंदी शिकली शेजारच्या शेगडीवरच्या मालवणी नागेशकडून, आणि चालवायचीही त्याच्यावरच. "नागेश, तुम बोलता जास्ती, छीलता कम!"

त्या दिवशी मात्र नागेशने गाजराचं भांडं उचलून डाळीच्या पातेल्यामागे दडवलं. कोरियाहून हानसाहेब येणार होते, तिथल्या अन्सान शहरातल्या कारखान्यासाठी स्वयंपाकी निवडायला. वेराची धाकटी बहीण झोया अन्सानलाच होती. कित्येक वर्षं दोघींची भेट फक्त मोबाइलवर.

"वेराताई, आज नुसती कोबीची किमची. गाजर दिसलं तर साहेब म्हणेल, ही कसली कोरियन? खलास तुझं अन्सान!"

"मेरा दादी को पूछो, कोबी किधर था," वेरा गुरगुरली.

आजीचं गाव रशियाच्या पूर्व टोकाला, कोरियाच्या सीमेजवळ होतं. एकोणीसशे सदतीस साली सरकारने तिथल्या सगळ्या कोरियनांना मालगाडीत कोंबलं आणि थेट मध्य आशियाच्या माळावर नेऊन सोडलं. तिथे त्यांचा कोबी नव्हता. गाजर होतं. आजीने गाजरालाच कोबीच्या किमचीचा मसाला चोळला.

साहेब ताट घेऊन पुढे आले, तशी वेराने वाकून भांडं बाहेर काढलं आणि चांगलं डावभर गाजर वाढलं. नागेशने डोळेच मिटले.

"हे काय? हे कोरियातलं नाही," साहेब म्हणाले.

"नाही," वेरा आजीच्या वळणाच्या जुनाट कोरियनमध्ये म्हणाली. "पण कोरियनांचं आहे. मी तिकडे आले, तर हेही येईल."

साहेबांनी एक घास घेतला. चावत राहिले. मग ताट पुन्हा पुढे केलं.

वेराचं अन्सानचं तिकीट आलं, त्या आठवड्यात कँटीनचं गाजर नागेशच्या गळ्यात पडलं. वेरा कमरेवर हात ठेवून उभी. त्याने चिरलेली एक काडी तिने उचलून उजेडात धरली.

"ये गाजर है के झाडू?"

"ताई, आता मी पण अर्धा कोरियन झालो ना?"

"इन्शाल्ला," वेरा म्हणाली. "पहले पतला काट."